मानामी तोयोता: पंचविशीत घरी पाठवणाऱ्या धंद्यात तीस वर्षं

रानजाई
मानामी तोयोता या जपानी प्रोफेशनल रेसलरबद्दल मराठीत कधी काही आलंच तर ते फाइव्ह स्टार मॅचेसवरच असतं. रेसलिंगवर न्यूजलेटर काढणाऱ्या डेव्ह मेल्ट्झर या अमेरिकन पत्रकाराने तिच्या १७ मॅचेसना पाच तारे दिले, १९९५ साली त्याच्या न्यूजलेटरचा मोस्ट आउटस्टँडिंग रेसलर हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली बाई, झालं, धागा संपला. मला ते पुरत नाही. त्या मॅचेस थोर आहेतच, मी कितीतरी वेळा बघितल्यात, पण १९९२ ते ९५ ही चार वर्षं म्हणजे तोयोता असं धरून चाललं की तिच्या करिअरमधली निम्म्याहून जास्त गोष्ट हातातून निसटते. ती तीस वर्षं लढली. आणि अशा धंद्यात लढली जिथे मुलगी पंचवीस-सव्वीसची झाली की तिला निरोप द्यायची पद्धत होती.

थोडं मागे जाते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ऑल जपान विमेन्स ही कंपनी मात्सुनागा भावांनी १९६८ मध्ये काढली. फुजी टीव्हीवर कार्यक्रम लागायचा. सत्तरच्या दशकात ब्यूटी पेअर (जॅकी सातो आणि माकी उएदा), ऐंशीत क्रश गर्ल्स (चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका), आणि या जोड्या नुसत्या रेसलर नव्हत्या, गाणी म्हणायच्या, रेकॉर्ड विकल्या जायच्या, शाळकरी मुली त्यांच्यासाठी जीव टाकायच्या. नवीन भरतीसाठी हजारो मुली अर्ज करायच्या आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घेतल्या जायच्या. आत गेलं की तीन गोष्टी बंद: दारू, सिगरेट, पुरुष. आणि पंचविशी आली की रिंगच्या मध्यभागी उभं करून घंटा वाजवायची, फुलं द्यायची, घरी पाठवायचं. विचार केला तर क्रूर हिशोब आहे. प्रेक्षक पंधरा-सोळाच्या मुली, म्हणून लढणारीही त्यांना मोठ्या बहिणीसारखी वाटेल एवढ्याच वयाची पाहिजे.

तोयोता जन्मली २ मार्च १९७१ ला, शिमाने प्रांतातल्या मासुदा गावात, जपानच्या पश्चिम भागात, तोकियोपासून पार लांब. ५ ऑगस्ट १९८७ ला पहिली मॅच, वय सोळा. तिच्या बॅचमध्ये तोशियो यामादा, एत्सुको मिता, मिमा शिमोदा. या चौघींनी ६ मे १९८९ ला योकोहामा अरीनात एक टॅग मॅच केली, तोयोता आणि शिमोदा एकीकडे, यामादा आणि मिता दुसरीकडे. त्या दिवशी लोक आले होते चिगुसा नागायोच्या निरोपाला. रडायच्या तयारीनेच आलेलं पब्लिक, आणि त्यांच्यापुढे या चार पोरी अशा वेगाने धावल्या की लोकांना त्यांच्याकडे बघावंच लागलं. एका पिढीचा निरोप आणि दुसऱ्या पिढीची ओळख एकाच रात्री झाली.

बाकीचं प्रतिसादांमध्ये लिहीनच, नाहीतर इथेच पुस्तक होईल. ज्यांनी तिला बघितलंय त्यांनी लिहा, ज्यांनी नाही बघितलं त्यांनी विचारा.

मध्यरात्र
मस्त विषय. मी तोयोता फार बघितलेली नाही पण लहानपणी केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ लागायचं तेव्हा बुल नाकानो बघितलेली आठवतेय. निळे रंगवलेले केस सरळ वर उभे, ओठ आणि डोळे रंगवलेले, आणि समोर अमेरिकन रेसलर अलुंड्रा ब्लेझ. तोपर्यंत बायकांच्या मॅचेस म्हणजे दोन मिनिटं केस ओढणं असंच बघितलेलं आणि ही बाई वरून उडी मारून मांडी गळ्यावर आपटतेय हे बघून घरातली मोठी माणसंही टीव्हीसमोर थांबली होती. तोयोता पण त्याच कंपनीतली ना? मग ती कधी डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये का नाही दिसली?

रानजाई
@मध्यरात्र, हो एकाच घरातल्या दोघी. बुल सीनियर, तिने १९८३ मध्ये सुरुवात केली आणि जानेवारी १९९० पासून नोव्हेंबर १९९२ पर्यंत जवळपास तीन वर्षं कंपनीचा मुख्य पट्टा (म्हणजे चॅम्पियनपद), डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूए, तिच्याकडे होता. मग तो तिने त्याच कंपनीतल्या आजा काँगकडून हरून गमावला आणि बाहेर पडली, आधी मेक्सिकोत पट्टा जिंकलेला होताच, नंतर अमेरिका. २० नोव्हेंबर १९९४ ला तोकियो डोममध्ये अलुंड्राला हरवून तिने डब्ल्यूडब्ल्यूएफचा पट्टा घेतला.

तोयोता डब्ल्यूडब्ल्यूएफसाठी कधीच लढली नाही. १९९५ च्या सर्व्हायव्हर सिरीज या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मोठ्या कार्यक्रमात आजा काँग, क्योको इनोउए, लायनेस आसुका अशा बऱ्याच जणी गेल्या होत्या, त्यात ही नव्हती. आणि त्यानंतर लगेच डिसेंबरमध्ये अलुंड्राने तो पट्टा दुसऱ्या कंपनीच्या लाइव्ह कार्यक्रमात कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि डब्ल्यूडब्ल्यूएफने बायकांचा विभागच गुंडाळला. म्हणजे तोयोता पूर्ण फॉर्मात असताना आपल्याकडे जे चॅनल दिसत होतं त्यावर ती दिसायची शक्यताच उरली नाही. म्हणून आपल्या पिढीला बुल आठवते आणि तोयोता शोधून बघावी लागते.

पंचगंगा
चांगलं लिहिताय ताई, राग मानू नका पण एक मनापासून विचारतो. मी तालमीतला माणूस. आमच्याकडे ठरवून लढलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि आखाड्यात लोकांना नुसता संशय जरी आला तरी दोन्ही पैलवानांना बाहेर काढतात. इथे तर सगळ्यांनाच माहितीय की निकाल आधी ठरलेला. मग अमुक साली पट्टा जिंकला, तमुक साली हरली याला करिअर कसं म्हणायचं? जपानच्या बायकांची कुस्ती म्हटलं की मला तरी ऑलिंपिकवाल्या साओरी योशिदा, काओरी इचो आठवतात. पॅरिसला विनेशने सुसाकीला हरवलं तेव्हा आम्ही अख्खी तालीम टीव्हीसमोर होतो, कारण त्याआधी सुसाकी आंतरराष्ट्रीय कुस्ती हरलेलीच नव्हती.

रानजाई
राग कशाला दादा, प्रश्न रास्तच आहे. पट्टा म्हणजे कंपनीने टाकलेला विश्वास, एवढंच धरा. आज शेवटची मॅच हिची, तिकिटं हिच्या नावावर विकायची, लोकांना समाधानाने घरी पाठवायची जबाबदारी हिची. ते मेडल नाही हे मान्यच.

पण दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे ऑल जपान विमेन्समध्ये ज्युनियर मुलींच्या मॅचेसमध्ये शेवट बऱ्याचदा ठरलेला नसायचा. बाकीची मॅच नेहमीसारखी, पण शेवटी खांदे टेकवायची वेळ आली की खरोखर दाबून धरायचं आणि खालच्या मुलीने खरोखर सुटायचा प्रयत्न करायचा. ओसाएकोमी म्हणतात त्याला. मालक बघत असायचे, पोरींमध्ये पैजा लागायच्या असंही त्या काळातल्या रेसलर सांगतात. कोण वर जाणार हे त्यातून ठरायचं.

दुसरं, निकाल ठरलेला असला तरी मान खरी असते. त्याच कंपनीतल्या अकिरा होकुतोची १९८७ मध्ये मॅचच्या मध्येच मान मोडली, तर तिने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून ठेवून मॅच पूर्ण केली. तोयोताचा सुप्लेक्स (समोरचीला घेऊन मागे कमान टाकायचा डाव) एकदा बघा तुम्ही, तालमीतला माणूस म्हणून तुम्हालाच त्यात जास्त दिसेल. जॅपनीज ओशन सायक्लोन सुप्लेक्स. समोरच्या बाईला खांद्यावर बसवते, तिचे दोन्ही हात एकमेकांवरून क्रॉस करून मनगटं घट्ट धरून ठेवते, आणि तशीच मागे कमान टाकते. वरच्या बाईचे हात अडकलेले, पडताना टेकवायला हातच नाहीत. खालच्या बाईने वेळ चुकवली, वाकडी गेली, पाय घसरला तर वरचीचं काय होईल विचार करा. आणि तोयोता एवढं वजन घेऊन मागे जाऊन मानेवर आणि पायाच्या चवड्यांवर उभी राहते, टाचा जमिनीला लागत नाहीत, आणि तीन मोजेपर्यंत तशीच. हे तिने वर्षानुवर्षं केलं.

पंचगंगा
बघितला. चार-पाच वेळा मागे नेऊन बघितला. मानेची कमान आमच्याकडे रोजच्या मेहनतीत असते पण स्वतःच्या वजनावर, आणि तीसुद्धा नीट यायला वर्ष जातं. वर दुसरं माणूस असताना चवड्यावर जाऊन धरून ठेवणं ही मेहनत खोटी नाही, हे मी माझ्या पोरांनाही दाखवणार आहे (करायला नाही, बघायला). ओसाएकोमीचं माहिती नव्हतं. बाकी वाद बाजूला ठेवतो, पुढे लिहा.

काळाकातळ
मी इथे विरोधी सूर लावतो कारण एकतर्फी धागा नको. तोयोता थोर अ‍ॅथलीट, दुमत नाही. पण ग्रेटेस्ट? माझा प्रॉब्लेम असा की तिला दुखत नाही. म्हणजे समोरची दहा मिनिटं तिच्या पायावर काम करते, गुडघा मुरगाळते, सगळं व्यवस्थित चाललंय, आणि मग ही उठते आणि जणू काही झालंच नाही अशी धावत जाऊन टर्नबकलवर, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यावर, चढते आणि ड्रॉपकिक, उडी मारून दोन्ही पायांची लाथ. मग त्या दहा मिनिटांचा अर्थ काय राहिला? समोरचीची मेहनत वाया. आणि सुरुवातच घंटा वाजायच्या आत पळत जाऊन मिसाइल ड्रॉपकिकने, मग वर जायला जागा कुठे उरते.

त्यापेक्षा २ एप्रिल १९९३ ची होकुतो विरुद्ध शिनोबू कान्दोरी घ्या. योकोहामा अरीना, होकुतोचा खांदा निखळल्यासारखा लोंबतोय, रक्ताने केस भिजलेत, आणि प्रत्येक हालचालीत ते दुखणं तुम्हाला दिसतं. त्यात मूव्हज तोयोताच्या मानाने निम्म्याही नसतील. पण ती मॅच बघून मी दोन दिवस दुसरं काही बघू शकलो नाही. कुस्ती म्हणजे गोष्ट सांगणं असेल तर होकुतो एक नंबर, मग आजा काँग, मग कदाचित तोयोता.

निळाई
@काळाकातळ यांच्याशी अर्धी सहमत. होकुतो-कान्दोरीबद्दल वादच नाही. पण तोयोताला गोष्ट सांगता येत नाही हे नाही पटलं. तिची गोष्ट दुखण्यातून येत नाही, ती घाईतून येते. सतत असं वाटतं की हिच्याकडे वेळ कमी आहे आणि जे जे येतं ते सगळं आजच करून टाकायचंय. ती ओरडते ते ऐका, हल्ला करताना ओरडते, मार खाताना ओरडते, दोन्ही ओरडण्यात फरक करता येत नाही. सोळाव्या वर्षी आलेली मुलगी, पंचविशीला थांबायचं हे डोक्यात घालून वाढवलेली. मला ती घाई तिथूनच आलीय असं वाटतं, हे माझं वाचन आहे, तिने असं कुठे म्हटलंय असं मी म्हणत नाहीये.

आणि ७ मे १९९५ ची क्योको इनोउएबरोबरची मॅच विसरू नका. कोराकुएन हॉल, साठ मिनिटं, बरोबरी. साठ मिनिटं त्या वेगाने कोणीच धावू शकत नाही, आणि दोघी धावतही नाहीत. मधला मोठा भाग जमिनीवर आहे, पकडी, श्वास, पाठीवर पडून छताकडे बघणं. शेवटच्या दहा मिनिटांत दोघींच्या पायात काही उरलेलं नसतं आणि तेव्हा कव्हर करायला, म्हणजे समोरचीचे खांदे टेकवायला, जाताना जो उशीर होतो तो अभिनय नाहीये. ज्यांना वाटतं की तोयोता फक्त स्पीड, त्यांनी ही एक तासाची मॅच सलग बघा, तुकडे करून नाही.

काळाकातळ
साठ मिनिटांच्या मॅचचा मुद्दा मान्य, ती वेगळीच आहे. गुडघ्याबद्दल मात्र मी ठाम आहे.

रानजाई
@काळाकातळ, गुडघ्याबद्दल भांडणार नाही, ते आहे तसं. मला फक्त इतकंच म्हणायचंय की त्यामुळे ती कमी ठरते असं मला बघताना कधी वाटलं नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १५ ऑगस्ट १९९२, तोयोता विरुद्ध यामादा, हरेल तिचे केस कापायचे. यामादा तिच्याच बॅचची, दोघी एकत्र वाढलेल्या, दोघींची टॅग टीमही गाजलेली. यामादाच्या किक्स जबरदस्त, दिसायलाही आखूड केसांची, रांगडी. तोयोताचे काळे लांब केस ही तिची ओळख. मॅच तोयोता जिंकते.

आता इथे बघा काय होतं. खुर्ची आणली जाते, कात्री आणली जाते, यामादा स्वतः जाऊन बसते, कारण शब्द दिलाय. आणि तोयोता, जी जिंकलीय, ती मध्ये पडते. नका कापू म्हणून रडते, ओढते, मग स्वतःचेच केस कापायला निघते. बाकीच्या रेसलर तिला धरून मागे खेचतात. यामादा तिच्याकडे बघून हट्टाने बसून राहते. केस पडतात. जिंकलेली मुलगी खाली बसून हुंदके देतेय आणि हरलेली शांत आहे. जपानी एक शब्द कळत नसला तरी चालतं. @काळाकातळ तुम्ही म्हणता ना की तिला दुखत नाही, ते इथे बघा.

रुखवत
मला हा धागा वाचताना छान पण वाटतंय आणि त्रासही होतोय. केस कापण्याचा प्रकार, तीन बंधनं, पंचविशीला निवृत्ती, हे सगळं ठरवणारे पुरुष मालक. १९८५ मध्ये ओसाकात याच कंपनीतल्या खलनायिका डम्प मात्सुमोतोने चिगुसाला हरवून तिचं डोकं भादरलं तेव्हाचा व्हिडिओ मी बघितलाय, हजारो शाळकरी मुली किंचाळून रडतायत, काहींना उभं राहवत नाहीये. टीव्हीवर दाखवलं गेलं ते. नेटफ्लिक्सवर २०२४ साली डम्पवर मालिका आली त्यात हा प्रसंग आहेच. पोरींच्या अपमानावर तिकिटं विकली गेली असं म्हटलं तर चूक आहे का? आपण ते सुंदर सुंदर म्हणून बघायचं का?

निळाई
@रुखवत, चूक नाही. मालकांनी पोरी पिळून घेतल्या, वर्षाला दोनशेच्या वर कार्यक्रम, गावोगाव बस, ज्युनियरांनी रिंग लावायची, सामान विकायचं, सीनियरांचे कपडे धुवायचे आणि वर मार खायचा. हे सगळं त्या बायकांनीच नंतर मुलाखतींमधून सांगितलंय. पण त्याच मुलींना त्या काळात जपानमध्ये दुसरीकडे कुठे एवढं नाव, एवढी ताकद दाखवायची जागा होती? दोन्ही एकाच वेळी खरं आहे. आणि मला वाटतं पिळवणूक झाली म्हणून त्यांचं काम बघायचंच नाही म्हटलं तर मालकांबरोबर त्या मुलींचीही आठवण पुसली जाईल.

रुखवत
हं. पटतंय थोडं. मग पंचविशीचा नियम मोडला कसा?

रानजाई
एका दिवसात नाही मोडला. क्रश गर्ल्स गेल्या, डम्प गेली, ऐंशीच्या शेवटी एकदम सगळे मोठे चेहरे नाहीसे झाले आणि शाळकरी मुलींनीही यायचं बंद केलं. टीव्हीची वेळ रात्री उशिराची झाली. जे नवीन प्रेक्षक आले ते बहुतेक पुरुष, कुस्तीचे पक्के चाहते, त्यांना बहीण नको होती, मॅच हवी होती. मग अनुभवी बाईची किंमत वाढली. शिवाय १९९२ पासून कंपन्यांमध्ये आपसात मॅचेस सुरू झाल्या, ऑल जपान विमेन्स, जेडब्ल्यूपी, एलएलपीडब्ल्यू, एफएमडब्ल्यू. २६ नोव्हेंबर १९९२ ला कावासाकीत तोयोता-यामादा विरुद्ध जेडब्ल्यूपीच्या डायनामाइट कान्साई आणि मायुमी ओझाकी, तीनपैकी दोन फॉल (फेऱ्या) जिंकायचे. तोयोता-यामादा जिंकल्या. एप्रिल १९९३ मध्ये ओसाकात कान्साई-ओझाकीने टॅग पट्टे नेले, डिसेंबरात र्‍योगोकूत तोयोता-यामादाने परत आणले. तिन्ही मॅचेस एकापाठोपाठ बघण्यासारख्या.

र्‍योगोकू कोकुगिकान म्हणजे सुमोचं घर. सुमोच्या आखाड्यावर बाईने पाय ठेवायचा नाही हा नियम आजही आहे. त्याच इमारतीत या बायकांनी कार्यक्रम केले.

मग १९९४ चा तोकियो डोम, वीसच्या वर मॅचेस, दुपारी सुरू झालेला कार्यक्रम जवळपास दहा तास चालला. आणि २६ मार्च १९९५ ला योकोहामा अरीनात तोयोताने आजा काँगला हरवून पहिल्यांदा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूए पट्टा घेतला. जूनमध्ये साप्पोरोत आजाने तो परत नेला, मग तो कान्साईकडे गेला, आणि डिसेंबरमध्ये कान्साईला हरवून तोयोताने पुन्हा मिळवला. मार्च १९९६ मध्ये तिला पंचवीस पूर्ण झाली. पट्टा तेव्हा तिच्याच कमरेला होता. निरोपाचं कोणी नाव काढलं नाही.

मध्यरात्र
हे भारी आहे. ज्या वयात घरी पाठवायचे त्या वयात ती कंपनीची चॅम्पियन.

समुद्रफूल
मी योकोहामात राहते, थोडी भर घालते. कोराकुएन हॉल तोकियो डोमच्या शेजारीच आहे, सुइदोबाशी स्टेशनवरून चालत पाच मिनिटं. बाहेरून अगदी साधी इमारत, हॉल पाचव्या मजल्यावर. दोन हजार माणसंही बसत नसतील पण कुठेही बसा रिंग जवळच वाटते, चापट बसली की आवाज छताला लागून परत येतो. जिन्याने गेलात तर भिंतींवर चाहत्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं असतं, रेसलरांची नावं, तारखा, कोणाला शिव्या, कोणाला लग्नाची मागणी, एकावर एक लिहिलेलं, खालचं वाचताच येत नाही.

आणि कागदी फितींबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. मॅचच्या आधी रेसलरचं नाव पुकारलं की चाहते तिच्या रंगाच्या कागदी फितींची रिळं रिंगमध्ये फेकतात. एक टोक हातात धरून फेकायचं, म्हणजे रीळ उलगडत जातं. नवख्यांचं रीळ न उलगडताच जाऊन कोणाच्यातरी डोक्यात बसतं, म्हणून चाहते आधी रीळ सैल करून ठेवतात, मधली पुठ्ठ्याची नळी काढून टाकतात. दोन सेकंदात अख्खी रिंग रंगीत होते, आणि लगेच ज्युनियर मुली खालून हात घालून सगळं ओढून कवेत गोळा करतात आणि पळतात, घंटा वाजायच्या आत रिंग स्वच्छ. तोयोतानेही १९८७ मध्ये हेच केलं असणार, सगळ्याच जणी तिथून सुरुवात करतात.

रानजाई
@समुद्रफूल किती छान लिहिलंत. पुठ्ठ्याच्या नळीचं मला माहितीच नव्हतं.

आता ज्या भागासाठी धागा काढला तो. १९९७ मध्ये ऑल जपान विमेन्स आर्थिकदृष्ट्या कोसळली. मात्सुनागा भावांनी कुस्तीचा पैसा जमिनीत आणि भलत्याच धंद्यांत घातला होता आणि जपानमधला जमिनीचा फुगा फुटल्यावर ते सगळं अंगावर आलं. रेसलरांचे पगार थकले. मग घर मोडतं तसं मोडलं, क्योको इनोउए गेली आणि तिने स्वतःची कंपनी काढली, आजा काँगने आर्सिऑन ही कंपनी सुरू केली, एकेक करून नावाजलेल्या सगळ्या गेल्या. तोयोता राहिली. २००२ पर्यंत राहिली. लहान हॉल, कमी माणसं, समोर तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुली, आणि ती तोच सुप्लेक्स त्याच चवड्यांवर टाकतेय. या वर्षांच्या टेप्स कोणी एकमेकांना पाठवत नव्हतं, तारे कोणी देत नव्हतं.

मग ती चिगुसा नागायोच्या गाएआमध्ये गेली. म्हणजे जिच्या निरोपाच्या दिवशी हिची ओळख झाली होती तिच्याच कंपनीत. गाएआ एप्रिल २००५ मध्ये बंद झाली आणि त्याच महिन्यात ऑल जपान विमेन्सही कायमची बंद झाली. एकाच महिन्यात आधीचं घर आणि नंतरचं घर दोन्ही गेलं. ती तेव्हा चौतीस वर्षांची. पुढची बारा वर्षं फ्रीलान्स. ओझ अकादमी, आइस रिबन या कंपन्या, २०१० पासून अमेरिकेतली चिकारा कंपनी, जिथे समोर बसलेल्या पोरांनी तिला फक्त जुन्या टेप्सवर बघितलेलं आणि ती प्रत्यक्ष आत आल्यावर ती सगळी उभी राहिली.

काळाकातळ
चिकाराच्या मॅचेस मी बघितल्यात. वेग अर्थातच कमी झालाय. पण गंमत अशी की मला ती तिथे जास्त आवडली, कारण आता उठायला वेळ लागतो तो खरा आहे. तुमचा मूळ मुद्दा, की करिअर पूर्ण बघा, तो मला या ठिकाणी पटतो. ९३ ची तोयोता मला थक्क करते, २०१० ची तोयोता मला आवडते.

पंचगंगा
एक विचारू का ताई, ती राहिली का? पगार नाही, सगळ्या गेल्या, मग ही का थांबली?

निळाई
पंचगंगादादा, माझा अंदाज सांगते. सोळाव्या वर्षापासून तेच घर, तोच डोजो (म्हणजे त्यांची तालीम), तीच बस. काहीजणींना बाहेर पडून स्वतःचं उभं करायचं असतं, क्योको आणि आजा तशा होत्या. तोयोताला कंपनी चालवायची हौस कधी दिसली नाही, तिला रिंगमध्ये जायचं होतं. जिथे रिंग लागते तिथे ती.

पंचगंगा
हे कळतं मला. आमच्याकडेही वस्ताद गेल्यावर तालीम ओस पडली तरी एखादा पैलवान रोज पहाटे येऊन माती उकरतोच.

समुद्रफूल
शेवटच्या दिवसाबद्दल मी लिहू का? मी त्या दिवशी तिथे नव्हते पण जागा रोजच्या ओळखीची आहे. ३ नोव्हेंबर २०१७, ओसानबाशी हॉल. ओसानबाशी म्हणजे योकोहामा बंदरातला धक्का, मोठी क्रूझ जहाजं लागतात तिथे, छतावर लाकडी फळ्यांची चढउतार आणि हिरवळ, लोक संध्याकाळी फिरायला येतात. हॉल त्याच इमारतीच्या टोकाला, तिन्ही बाजूंनी पाणी. तोयोता तेव्हा ४६ वर्षांची. निरोपाच्या दिवशी एखादी मॅच करून घंटा ऐकायची, ही नेहमीची रीत. तिने एका दिवसात ५० हून जास्त मॅचेस केल्या. एकेक मिनिटाच्या, एकीमागून एक रेसलर आत येतेय, जुन्या मैत्रिणी, शत्रू, कालच्या पोरी, आणि ही प्रत्येकीशी लढतेय. सगळ्यात शेवटी त्सुकासा फुजिमोतो, आइस रिबनची, जिच्याकडे तिने जॅपनीज ओशन सायक्लोन सुप्लेक्स आधीच सोपवला होता.

रुखवत
५० हून जास्त! मी परत सगळं वाचलं वरून. मला आता बघायचंय, पण कुठून सुरुवात करू सांगा. मी आजकालची असुका आणि इयो स्काय बघते डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये, जुनं काहीच नाही.

काळाकातळ
@रुखवत, इयो स्कायचा मूनसॉल्ट (उलटी कोलांटी मारून समोरचीवर झेपावणं) आवडत असेल तर तोयोताचा बघाच, रिंगच्या बाहेर उभ्या असलेल्या बायकांवर मारलेले. पण आधी होकुतो-कान्दोरी बघा, मी सांगणारच!

निळाई
मी म्हणेन १९८९ ची चौघींची टॅग आधी. लहान आहे, दम लागेल बघताना. मग १५ ऑगस्ट १९९२, आणि ती बघताना मॅच संपली की बंद करू नका, पुढचा सगळा भाग बघा. मग कावासाकीची टॅग. साठ मिनिटांची क्योकोबरोबरची एखाद्या रविवारी, फोन बाजूला ठेवून.

रानजाई
निळाईने दिलेला क्रम अगदी बरोबर. फक्त त्यात आजा काँगबरोबरची मार्च १९९५ ची टाका, कारण आजा तिच्यापेक्षा कितीतरी जड आणि ताकदवान आहे आणि तोयोताचा वेग तिच्यावर आदळून थांबतो, तेव्हा ती काय करते ते बघण्यासारखं आहे. आणि शेवटी २००० नंतरची कुठलीही एक, जी मिळेल ती. यादीत नसलेली, तारे नसलेली.

@काळाकातळ, होकुतोवर तुम्ही वेगळा धागा काढा ना, मान मोडली तिथपासून लिहा. मी आजा काँगवर लिहायला घेतलंय, आर्सिऑनचा भाग तिथे नीट येईल.

काळाकातळ
काढतो. शनिवारपर्यंत.